मोठे घर सोडून जुन्या टेरेस घरात जाताना: दुरुस्ती आणि वाढीव बांधकामाची वाटचाल

ब्रिटनमध्ये ‘टेरेस’ म्हणजे गच्ची नव्हे, हे येथे नव्याने आलेल्या मराठी माणसाला घर शोधू लागल्यावर पहिल्याच आठवड्यात कळते. सामाईक भिंतींच्या आधाराने एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या घरांच्या सलग रांगेला येथे टेरेस म्हणतात. आपल्याकडच्या रो हाउसची ती पणजी म्हणता येईल. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळात, आणि त्यानंतरच्या दशकात लंडन, लेस्टर, लीड्स, मँचेस्टर या शहरांत अशा रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या आधारे स्थानिक उपविधींनी रस्त्याची रुंदी, घरामागची मोकळी जागा आणि सांडपाण्याची सोय यांचे नियम लावले, त्यामुळे त्यानंतरची घरे बऱ्याच अंशी एकाच साच्यातली दिसतात: पुढे बैठकीची खोली, तिच्यामागे दुसरी खोली, शेजारून जाणारा अरुंद बोळ आणि उभा जिना, आणि मागच्या बाजूला अंगणात घुसलेला स्वयंपाकघराचा निमुळता भाग.

मुले शिकून बाहेर पडली, उपनगरातले चार खोल्यांचे घर आणि त्याची बाग आता आवरत नाही, स्टेशन, दुकाने आणि डॉक्टर पायी जाण्याच्या अंतरावर असावेत असे वाटते, अशा टप्प्यावर आलेल्या दांपत्यांसाठी हा लेख आहे. यातले नियम इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये बांधकामाचे नियम व परवानग्या वेगळ्या आहेत, हे तेथील वाचकांनी लक्षात ठेवावे.

सुरुवातीलाच माझे मत सांगतो. घर लहान करायला निघालेल्या माणसाने खोल्या वाढवू नयेत, तळमजला वाढवावा. माळ्यावर आणखी एक शयनगृह काढण्याचा मोह एस्टेट एजंटपासून कंत्राटदारापर्यंत सगळेच घालतात, कारण त्याने घराची किंमत वाढते. पण पंचाहत्तरीत त्या खोलीत झोपायला कोण चढणार, हा प्रश्न त्यांच्यापैकी कोणी विचारत नाही.

खरेदीपूर्वीचा हिशेब

जुने घर विकण्यापूर्वी नवे घेतले, तर खरेदीच्या दिवशी आपल्या नावावर दोन घरे असतात आणि स्टॅम्प ड्यूटीवर अधिभार लागतो. ३१ ऑक्टोबर २०२४ पासून हा अधिभार ५ टक्के आहे. जुने राहते घर तीन वर्षांच्या आत विकले, तर ही रक्कम परत मागता येते; तरीही ती आधी हातात असावी लागते, आणि नेमकी तीच रक्कम आपण छपरासाठी राखून ठेवलेली असते. दुरुस्ती चालू असताना जुन्या घरातच राहायचे असेल, तर हा खर्च आधीपासून अंदाजपत्रकात धरावा.

मूल्यवर्धित कराच्या, म्हणजे व्हॅटच्या, बाबतीत मात्र थोडी सवलत मिळते. दुरुस्तीच्या कामावर साधारणपणे २० टक्के व्हॅट लागतो, परंतु घर दोन वर्षे किंवा अधिक काळ रिकामे असल्याचा पुरावा देता आला, तर कंत्राटदार पात्र कामांवर ५ टक्केच आकारू शकतो. त्याचप्रमाणे साठी ओलांडलेल्यांच्या घरात आधाराच्या दांड्या, उतार, जिन्याची लिफ्ट अशी साधने बसवून घेतल्यास तेथेही ५ टक्क्यांचा दर लागू होतो. या सवलती आपोआप मिळत नाहीत. कंत्राटदाराशी दर ठरवतानाच तो विषय काढावा लागतो.

घराची तपासणी

बँक कर्ज देण्यापूर्वी जे मूल्यांकन करते, ते बँकेसाठी असते, आपल्यासाठी नव्हे. शंभर वर्षांहून जुन्या घरासाठी आरआयसीएस या व्यावसायिक संस्थेच्या सदस्य सर्व्हेअरकडून तिसऱ्या पातळीची, म्हणजे सर्वांत सविस्तर, तपासणी करून घ्यावी आणि तिच्यात कसर करू नये. सर्व्हेअर घरात असताना शक्य झाल्यास आपणही तेथे जावे, कारण अहवालात जपून लिहिलेले वाक्य तोंडी बरेच स्पष्टपणे सांगितले जाते.

स्वतः घर पाहतानाही काही गोष्टी डोळ्यांनी कळतात. बाहेरच्या भिंतीत विटांची लांब बाजू आणि आखूड टोक आलटून पालटून दिसले, तर भिंत बहुधा भरीव आहे, साधारण २२५ मिलिमीटर जाडीची, आणि तिच्यात आधुनिक भिंतीसारखी मधली पोकळी नाही. छपरावर मूळची वेल्समधील पातळ स्लेट काढून काँक्रीटची कौले घातलेली असतील, तर रस्त्यापलीकडे उभे राहून छपराची रेघ पाहावी. काँक्रीट पुष्कळ जड असल्याने, खालच्या लाकडांना जादा आधार दिला नसेल, तर मध्ये झोळ आलेला दिसतो. लंडनमध्ये पुढची कठड्याची भिंत उंच आणि मागून इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचे छप्पर दिसले, तर मधल्या खोलगट पन्हळीची चौकशी करावी, कारण ती तुंबली की पाणी थेट घराच्या मध्यावर उतरते. छतावरचा खडबडीत नक्षीचा लेप, जुन्या पाइपांभोवतीचे वेष्टन यांत अॅस्बेस्टॉस असू शकतो. त्यावर देशात संपूर्ण बंदी १९९९ मध्ये आली, तेव्हा त्याआधीचा कोणताही लेप प्रयोगशाळेत तपासून घेतल्याशिवाय खरवडू नये.

ओल: आधी पाणी, मग औषध

या लेखातला मोठा भाग ओलीसाठी राखला आहे, कारण नवागतांचे सर्वाधिक पैसे येथेच वाया जातात.

जुन्या घराची भिंत चुन्यात बांधलेली असते. पावसाचे थोडे पाणी ती शोषून घेते आणि ऊन-वारा मिळाला की चुन्याच्या दरजांतून बाहेर सोडते. वाडे बांधणाऱ्या आपल्याकडच्या गवंड्यांना हे वेगळे सांगावे लागले नसते. पुढे कोणीतरी त्या दरजा सिमेंटने भरतो, आतून जिप्समचा गिलावा आणि प्लॅस्टिकयुक्त रंग चढवतो, आणि बाहेर पडण्याची वाट बंद झाल्याने पाणी भिंतीतच अडकते. सिमेंट विटेपेक्षा कठीण असल्यामुळे ओलावा मग विटेतूनच बाहेर पडू लागतो, आणि थंडीत तो गोठला की विटेचा दर्शनी पापुद्रा सुटतो. घरमालकाला मात्र आतला डाग तेवढा दिसतो.

अशा वेळी ओलीवर उपचार करणाऱ्या विक्रेत्याला बोलावले, तर तो भिंतीला यंत्र लावून दाखवतो, जमिनीतून ओल चढते आहे असे सांगतो आणि भिंतीत रसायन टोचण्याचे दरपत्रक देतो. आमच्या घरी हेच झाले. खरे कारण बाहेर होते: मागच्या अंगणात वर्षानुवर्षे एकावर एक फरशा घालत कोणीतरी जमीन इतकी वर आणली होती, की भिंतीतला ओलरोधक थर तिच्याखाली गेला होता. अंगणाची पातळी या थराच्या किमान १५० मिलिमीटर खाली असावी लागते. फरशा उचलून माती काढली, फुटलेली पन्हळ बदलली, आणि पुढच्या उन्हाळ्यात भिंत आपोआप कोरडी झाली. रसायनावर घातलेले पैसे अर्थातच परत आले नाहीत.

म्हणून क्रम असा ठेवावा. पहिल्यांदा भर पावसात छत्री घेऊन घराभोवती फिरावे आणि पन्हळी, उभे नळ, धुराड्याच्या बुंध्याची शिशाची पट्टी आणि जमिनीचा उतार पाहावा. त्यानंतर तळमजल्याच्या लाकडी जमिनीखाली हवा खेळवणाऱ्या जाळीदार विटा मातीने किंवा फरशीने बुजलेल्या नाहीत ना, हे तपासावे. त्या बुजल्या तर फळ्यांखालच्या तुळया कुजतात आणि ते पाय फळीतून खाली गेल्यावरच कळते. सिमेंटच्या दरजा विटांना धक्का न लावता निघत असतील तेथे काढून चुन्याने भरून घ्याव्यात. या कामानंतर एक पूर्ण ऋतू जाऊ द्यावा, आणि तरीही ओल राहिली तरच ओलीच्या विक्रेत्याशी काहीही संबंध नसलेल्या स्वतंत्र सर्व्हेअरला बोलवावे.

भिंतींना आतून उष्णतारोधक थर लावायचा असेल, तर तो बाष्प जाऊ देणारा असावा. लाकडाच्या तंतूंचे बोर्ड आणि त्यांवर चुन्याचा गिलावा ही जोडी भरीव भिंतींवर चांगली चालते. मूळच्या वर-खाली सरकणाऱ्या लाकडी खिडक्या फेकून देण्याची घाई करू नये. त्यांच्या दोऱ्या आणि वजने बदलता येतात, आणि आतल्या बाजूने दुसरी काच बसवली की थंडीबरोबर रस्त्याचा आवाजही अडतो.

नकाशा: माणसाभोवती घर

आर्किटेक्ट हे नाव ब्रिटनमध्ये कायद्याने राखीव आहे आणि आर्किटेक्ट्स रजिस्ट्रेशन बोर्डाच्या नोंदवहीत ज्याचे नाव आहे, त्यालाच ते लावता येते. नकाशे काढून देणारे इतर कुशल लोकही असतात, पण आपण कोणाला पैसे देत आहोत हे माहीत असावे. पहिल्या भेटीला जाताना खोल्यांची यादी नेण्याऐवजी आपल्या एका दिवसाचे वर्णन लिहून न्यावे: सकाळचा चहा कोठे, पूजा कोठे, औषधे कोठे, नातवंडे आली तर गाद्या कोठे, गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर सहा आठवडे झोपायचे कोठे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तळमजल्यावर मिळाले पाहिजे. त्यासाठी पुढची बैठकीची खोली दार लावून बंद करता येईल अशी ठेवावी, जिच्यात पुढे पलंग मावेल, आणि मधल्या भागात संडासासह शॉवर काढावा, ज्याची जमीन लगतच्या खोलीच्या जमिनीशी सपाट असेल. पुढची आणि मधली खोली एक करण्याची फॅशन आहे. परंतु त्या दोहोंमधली भिंत बहुधा वरच्या मजल्याचा भार घेते, तेथे पोलादी तुळई घालावी लागते, आणि एवढा खर्च करून आपण झोपण्याची संभाव्य खोलीच गमावतो. आजी-आजोबांच्या घरात एक दार बंद करता येणे ही चैन नव्हे.

दारांच्या मापांकडे बारकाईने पाहावे. नव्या घरांसाठीच्या नियमांत, ९०० मिलिमीटर रुंदीच्या बोळातून वळून आत जायचे असेल, तर दाराची मोकळी रुंदी किमान ८०० मिलिमीटर लागते. बोळ १२०० मिलिमीटरचा असेल तर ७५० पुरते. जुन्या घराला हा नियम सक्तीचा नसला, तरी चाकांच्या खुर्चीला नियमाची तारीख कळत नाही. विजेची बटणे आणि सॉकेट जमिनीपासून ४५० ते १२०० मिलिमीटरच्या दरम्यान घ्यावेत. शॉवरच्या भिंतीत फरशीमागे जाड प्लायवूड बसवून ठेवावे म्हणजे पुढे आधाराची दांडी कोठेही लावता येते, आणि जिन्याच्या पायथ्याशी एक सॉकेट काढून ठेवावे म्हणजे जिन्याची लिफ्ट बसवताना भिंत फोडावी लागत नाही. ही दोन कामे आत्ता फारच थोड्या पैशांत होतात.

स्वयंपाकघर बहुधा मागच्या वाढीव भागात जाते. आपल्या फोडणीचा विचार करून धूर बाहेर टाकणारा पंखाच घ्यावा. कोळशाच्या गाळणीतून तीच हवा पुन्हा खोलीत सोडणारे हूड दिसायला सुबक असतात, पण मोहरी तडतडली की त्यांचा उपयोग संपतो. शेगडीच्या वरच्या पंख्याने सेकंदाला किमान ३० लिटर हवा बाहेर टाकावी, असे नियमांचे मार्गदर्शन आहे.

माळ्याबद्दलचा माझा आक्षेप नुसत्या जिन्यापुरता नाही. दोन मजली घराचा माळा राहता केला, की तो तिसरा मजला ठरतो आणि आग लागल्यास सुटकेसाठी वरपासून बाहेरच्या दारापर्यंत जिना सुरक्षित ठेवावा लागतो: राहत्या खोल्यांना अग्निरोधक दारे आणि मुख्य विजेवर चालणारे धूरसूचक येतात, आणि जिना खालच्या मोकळ्या खोलीत उतरत असेल तर तेथे नवी भिंत घालावी लागते. तात्पर्य, माळ्यावरची खोली तळमजल्याची रचना ठरवू लागते.

परवानग्या

मागच्या बाजूचे एकमजली वाढीव बांधकाम पुष्कळदा नियोजन परवानगीशिवाय करता येते. टेरेस घरासाठी मूळ मागच्या भिंतीपासून ३ मीटरपर्यंत, उंची ४ मीटरच्या आत, आणि हद्दीपासून २ मीटरच्या आत असल्यास छपराच्या कडेची उंची ३ मीटरपर्यंत, असे त्याचे मुख्य निकष आहेत; शेजाऱ्यांना कळवून कौन्सिलची पूर्वसंमती घेतल्यास ६ मीटरपर्यंत जाता येते. ‘मूळ’ म्हणजे १ जुलै १९४८ रोजी घर जसे होते तसे, तेव्हा आधीच्या मालकाने केलेली वाढ आपल्याच मापात मोजली जाते. स्वयंपाकघराच्या शेजारची चिंचोळी पट्टी भरून काढणे हे ‘बाजूचे’ बांधकाम मानले जाते आणि तिचा व मागच्या वाढीचा संयोग केला की गणित अवघड होते. परवानगी लागत नाही असे सगळे म्हणत असले, तरी कौन्सिलकडून कायदेशीर बांधकामाचे प्रमाणपत्र घ्यावे, कारण घर विकताना वकील तोच कागद मागतो.

घर संवर्धन क्षेत्रात असेल तर या सवलती आक्रसतात, आणि सूचीबद्ध वारसा इमारत असेल तर आतले दार हलवण्यासाठीही संमती लागू शकते. अशी संमती न घेता काम करणे हा फौजदारी गुन्हा आहे. घराचा वापर बदलण्यासही परवानगी लागते, याचे मराठी वाचकांना जवळचे उदाहरण उत्तर लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड या घराचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये शिकत असताना तेथे राहिले होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेतले, परंतु राहत्या घराचे स्मारक-संग्रहालय करण्यास कॅम्डेन कौन्सिलने नकार दिला आणि अपिलानंतर २०२० मध्ये परवानगी मिळाली. सरकारलाही थांबावे लागते, तेथे आपण ‘नंतर बघू’ म्हणून चालत नाही.

नियोजन परवानगी आणि बांधकाम नियमांची मंजुरी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिली लागली नाही तरी दुसरी बहुतेक वेळा लागतेच: पाया, तुळई, सांडपाणी, वीज, उष्णतारोधन यांची पाहणी कौन्सिलचा किंवा नोंदणीकृत खासगी निरीक्षक टप्प्याटप्प्याने करतो. तिसरे दार पाणी कंपनीचे आहे. टेरेस घरांच्या मागून अनेकदा सगळ्या रांगेचा सामाईक मैलापाण्याचा नळ जातो, आणि ऑक्टोबर २०११ पासून असे नळ कंपनीच्या मालकीचे झाले आहेत; त्याच्यापासून ३ मीटरच्या आत बांधायचे असेल तर तिची संमती घ्यावी लागते. अंगणातले झाकण उघडून नळ कोठून जातो हे नकाशा काढण्यापूर्वीच पाहावे.

शेजारी

टेरेस घरात अर्धी भिंत शेजाऱ्याची असते. १९९६ च्या सामाईक भिंत कायद्यानुसार त्या भिंतीत तुळई रोवायची असेल तर दोन महिने आधी, आणि शेजाऱ्याच्या घरापासून ३ मीटरच्या आत त्याच्या पायाहून खोल खणायचे असेल तर एक महिना आधी लेखी नोटीस द्यावी लागते. जुन्या घरांचे पाये उथळ असल्याने दुसरी अट जवळजवळ नेहमीच लागू होते. शेजाऱ्याने १४ दिवसांत उत्तर दिले नाही, तर कायदा त्याला असहमती मानतो; मग सर्व्हेअर नेमले जातात आणि त्यांचा खर्च सहसा आपल्यावर येतो.

म्हणून नोटीस टपालाने पाठवण्यापूर्वी नकाशा घेऊन स्वतः जावे, काम किती दिवस चालेल ते खरे सांगावे, आणि संमती मिळाली तरी शेजाऱ्याच्या भिंतींचे छायाचित्रांसह टिपण करून दोघांनी त्यावर सही करावी. नंतर दिसलेली प्रत्येक भेग आपल्याच कामाची ठरू नये, यासाठी हे टिपण उपयोगी पडते.

कंत्राट आणि कामाचा क्रम

किमान तीन दरपत्रके एकाच तपशीलवार कामाच्या यादीवर मागवावीत. यादी नसेल तर तीन कंत्राटदार तीन वेगळ्याच घरांचे दर देतात. लेखी करार करावा, घरमालकांसाठी जेसीटी या बांधकाम करारांचे नमुने काढणाऱ्या संस्थेचे सोप्या भाषेतले नमुने मिळतात. पैसे काम झाल्यावर टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि अंदाजे ५ टक्के रक्कम राखून ठेवावी. जुन्या घरात काय निघेल सांगता येत नाही, म्हणून एकूण खर्चाच्या १५ टक्के तरी बाजूला असावेत, असा माझा अनुभव आहे. घराच्या विमा कंपनीला काम सुरू होण्यापूर्वी कळवावे. घर रिकामे राहणार असेल तर विशेषकरून.

क्रम साधा आहे: छप्पर आणि पन्हळी, मग पाया व वाढीव भागाचा सांगाडा, मग तुळई, मग नळ आणि वीज, मग उष्णतारोधन, गिलावा, आणि शेवटी फरशी व रंग. मात्र मागच्या भागाची काँक्रीटची जमीन ओतण्यापूर्वी एका गोष्टीसाठी काम थांबवावे. जुन्या घराच्या मागच्या भिंतीतल्या हवेच्या जाळ्या आता नव्या जमिनीआड जाणार असतात. काँक्रीटखालून नळ्या टाकून त्या बाहेरच्या भिंतीपर्यंत नेल्या नाहीत, तर पुढच्या खोल्यांच्या लाकडी जमिनीखालची हवा कोंडते आणि ज्या ओलीशी आपण वर्षभर झगडलो ती मागल्या दाराने परत येते. त्याच वेळी नव्या-जुन्या जमिनींची अंतिम पातळी फरशीची जाडी धरून मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावी. ‘एवढासा फरक’ म्हणून सोडलेल्या दोन सेंटिमीटरच्या उंबरठ्यावरच म्हातारपणी पाय अडखळतो.

काम संपल्यावर निरीक्षकाचे पूर्णत्वाचे प्रमाणपत्र, वीज आणि गॅसची प्रमाणपत्रे आणि सामाईक भिंतीचे कागद एका फायलीत ठेवावेत. गिलावा पूर्ण वाळेपर्यंत घट्ट रंग देऊ नये. पहिला हिवाळा जाऊ द्यावा. नव्या आणि जुन्या बांधकामाच्या सांध्यावर केसाएवढी भेग दिसेल, लाकडी दारे थोडी अडकतील, एखाद्या कोपऱ्यात गिलावा पोकळ वाजेल. त्यांची यादी करून कंत्राटदाराला वसंतात एकदाच बोलवावे, आणि ती कामे झाल्यावर राखून ठेवलेली रक्कम त्याला द्यावी.